गाडीतल्या सबवूफरचा पहिला बॉक्स: आधी हवा मोजा, मग लाकूड कापा

दहा इंची सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर (बेस) वाजवणारा स्पीकर, घेताना माणूस कंपनी, वॅट, वॉरंटी सगळं दहा जणांना विचारून घेतो. बॉक्सची वेळ आली की मात्र "दहा इंचीला बसेल तो द्या" म्हणतो. असा तयार बॉक्स बहुतेक वेळा भोकाच्या मापाने केलेला असतो. आत हवा किती मावते, ते कोणी मोजलेलं नसतं. माझं मत पक्कं आहे: बरोबर मापाच्या घट्ट बॉक्समधला साधा सबवूफर चुकीच्या बॉक्समधल्या महागड्या सबवूफरपेक्षा चांगला वाजतो. आणि असा बॉक्स घरी करता येतो. त्याला मोठं कसब लागत नाही, मोजमापाला धीर मात्र लागतो.

बॉक्स लागतोच कशाला?

सबवूफरचा कोन, म्हणजे पुढे-मागे हलणारा शंकूसारखा पडदा, पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे पुढून आणि मागून निघणाऱ्या लहरी एकमेकींच्या बरोबर उलट असतात. ४० हर्ट्झच्या सुराची लहर सुमारे साडेआठ मीटर लांब असते, अख्ख्या गाडीहून मोठी. एवढी लांब लहर दहा इंची कोनाला सहज वळसा घालते आणि दोन्ही लहरी एकमेकींना मिटवून टाकतात. म्हणूनच उघडा सबवूफर जमिनीवर ठेवून वाजवला, तर कोन जोरात हलताना दिसतो पण बेस जवळजवळ येतच नाही. मागची लहर कोंडून ठेवणं हे बॉक्सचं पहिलं काम.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे. बंद बॉक्समधली हवा कोनामागे स्प्रिंगसारखी काम करते. कोन आत आला की ती दाबली जाते आणि त्याला बाहेर ढकलते, कोन बाहेर गेला की त्याला आत ओढते. अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९५४ साली याच तत्त्वावरचा एआर-१ हा स्पीकर आणला, आणि खोल बेससाठी कपाटाएवढी पेटी लागते हा समज मोडला. हवा कमी असली तर स्प्रिंग कडक होते, बेस एकाच सुरावर घुमत राहतो आणि त्याखालचा गायब होतो. हवा फार जास्त झाली तर स्प्रिंग सैल पडते, कोन वाजवीपेक्षा जास्त हलतो आणि मोठ्या आवाजात सबवूफर लवकर थकतो.

तर तुम्ही बनवणार आहात ती खरं म्हणजे ठराविक मापाची, कोंडलेली हवा. लाकूड फक्त तिला धरून ठेवतं.

पहिला बॉक्स सील्डच करा

बॉक्सचे दोन मुख्य प्रकार: पूर्ण बंद तो सील्ड, आणि ज्याला मोजून नळी किंवा फट दिलेली असते तो पोर्टेड. पोर्टेड जोरात वाजतो हे खरं. तरी पहिला बॉक्स सील्डच असावा, आणि याला गाडीचंच एक कारण आहे.

सील्ड बॉक्सचा आवाज खालच्या सुरांकडे जाताना दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो, पोर्टेडचा २४ ने. दुसरीकडे गाडीची बंद केबिन खालच्या सुरांना आपणहून उचलते. केबिनची लांबी अडीच मीटर धरली तर ही उचल साधारण ७० हर्ट्झखाली सुरू होते आणि खाली जावं तशी वाढते. सील्ड बॉक्सचा उतार आणि केबिनची ही चढण बऱ्याच अंशी एकमेकांना भरून काढतात. घरात पातळ वाटणारा सील्ड बॉक्स गाडीत भरदार वाटतो तो यामुळे. पखवाज, ढोल, डबल बास असं काही ऐकणार असाल, तर प्रत्येक थाप सुटी ऐकू येण्यात सील्डची बरोबरी करणं अवघड आहे.

आणखी एक गोष्ट: सील्ड बॉक्सच्या मापात थोडी चूक खपते. किती, ते आता आकड्यांतच बघू.

सबवूफरचा कागद वाचा

चांगल्या सबवूफरसोबत एक कागद येतो, नाहीतर कंपनीच्या संकेतस्थळावर तो मिळतो. त्यावरच्या आकड्यांना थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात हे गणित मांडलं. त्याआधी बॉक्सचं माप बरंचसं अंदाजाने आणि करून बघून ठरायचं. ज्या सबवूफरचे हे आकडे मिळतच नाहीत, तो घेऊ नका. त्याच्यासाठी बॉक्स मोजताच येत नाही.

आपल्याला मुख्यतः चार आकडे हवेत. एफ-एस म्हणजे सबवूफरचा स्वतःचा नैसर्गिक सूर, हर्ट्झमध्ये. क्यू-टी-एस म्हणजे कोन स्वतःला किती लवकर आवरतो त्याचा निर्देशांक. व्ही-ए-एस म्हणजे कोनाच्या लवचीकपणाएवढीच लवचीक असलेली हवा, लिटरमध्ये. आणि क्यू-ई-एस हा क्यू-टी-एसचाच विद्युत भाग. कागद अमेरिकन असेल तर व्ही-ए-एस घनफुटात असतो. १ घनफूट म्हणजे २८.३ लिटर.

एफ-एसला क्यू-ई-एसने भागा. उत्तर ५० च्या खाली आलं तर सबवूफर सील्डचा, १०० च्या वर गेलं तर पोर्टेडचा. मधलं आलं तर दोन्हींत चालतो.

आता उदाहरणादाखल एक दहा इंची सबवूफर घेऊ: एफ-एस ३२ हर्ट्झ, क्यू-ई-एस ०.५०, क्यू-टी-एस ०.४५, व्ही-ए-एस ३० लिटर. ३२ ÷ ०.५० = ६४. म्हणजे सील्डला हरकत नाही.

सील्ड बॉक्सचं सूत्र असं:

बॉक्सचं घनफळ = व्ही-ए-एस ÷ [(क्यू-टी-सी ÷ क्यू-टी-एस)² − १]

यातला क्यू-टी-सी आपण निवडायचा असतो. बॉक्स आणि सबवूफर मिळून कसे वागतील, ते तो सांगतो. ०.७०७ ला आवाज कुठेही फुगत नाही, म्हणून नवख्याने तोच धरावा. ०.७०७ ÷ ०.४५ = १.५७१. त्याचा वर्ग २.४६८. वजा १ केल्यावर १.४६८. आणि ३० ÷ १.४६८ = २०.४ लिटर. अशा बॉक्समध्ये सबवूफरचा सूर ३२ × १.५७१, म्हणजे सुमारे ५० हर्ट्झला जातो. तिथून खाली उतार सुरू होतो आणि केबिन हातभार लावते.

आता चुकीचं बघा. हाच बॉक्स १८ लिटरचा झाला तर क्यू-टी-सी ०.७३ येतो, २३ लिटरचा झाला तर ०.६८. कानाला फरक कळणं कठीण. म्हणजे अर्ध्या-एक लिटरसाठी झोप उडवायची गरज नाही. पण दुकानातल्या १२ लिटरच्या चिमुकल्या बॉक्समध्ये हाच सबवूफर बसवला तर क्यू-टी-सी ०.८४ आणि सूर ६० हर्ट्झ होतो. तो फरक ऐकू येतो.

निव्वळ आणि एकूण

नवखे लोक सगळ्यात जास्त इथे अडखळतात. २०.४ लिटर ही निव्वळ हवा आहे. सबवूफरचं चुंबक आणि बास्केट (त्याचा सांगाडा) आतली जागा खातं, कोपऱ्यातल्या पट्ट्या आणि आधाराचा टेकूही खातो. सबवूफर किती जागा घेतो ते कागदावर असतं, आपण १.२ लिटर धरू. पट्ट्या आणि टेकूचे ०.८ लिटर. म्हणजे बॉक्स आतून २२.४ लिटरचा हवा.

४० सेंमी रुंद, २८ सेंमी उंच, २० सेंमी खोल: गुणाकार २२,४०० घनसेंमी, म्हणजे बरोबर २२.४ लिटर. ही आतली मापं आहेत. १८ मिमीचं लाकूड दोन्ही बाजूंनी धरलं की बाहेरून रुंदी ४३.६ आणि उंची ३१.६ सेंमी होते.

पेटीच्या बाजूंचं प्रमाण अमुकच हवं असा सल्ला मिळेल. तो घरातल्या मोठ्या स्पीकरसाठी ठीक आहे. सबवूफरच्या लहरी बॉक्सच्या मानाने इतक्या लांब असतात की आकार कसाही चालतो, घनफळ तेवढं जुळायला हवं.

म्हणून आकार डिकीच्या सोयीने ठरवा. मागच्या सीटची पाठ तिरकी असते, तेव्हा तिला चिकटणारी बाजूही तिरकी केली तर बरीच जागा वाचते. तळाला खोली २६ सेंमी आणि वर १४ सेंमी ठेवा. सरासरी २० च येते आणि घनफळ तेवढंच राहतं. मात्र सबवूफर जिथे बसणार तिथली खोली त्याच्या बसवण्याच्या खोलीपेक्षा निदान ४-५ सेंमी जास्त हवी, कारण बऱ्याच सबवूफरच्या चुंबकामागे हवा खेळण्याचं भोक असतं.

डिकी मोजताना दोन गोष्टी विसरू नका. स्टेपनी काढायला बॉक्स आड येता कामा नये. रात्री घाटात पंक्चर झालं की हे फार महागात पडतं. आणि सीएनजी गाडी असेल तर सिलिंडर, व्हॉल्व्ह आणि नळी पूर्ण मोकळी राहायला हवी. सिलिंडरच्या पट्ट्यांना किंवा स्टँडला काहीही बांधू नका. जागाच नसेल तर बॉक्सचा हट्ट सोडा. सीटखाली बसणारा चपटा सबवूफर तिथे शहाणपणाचा.

लाकूड

एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड, सपाट, जड आणि सगळीकडे सारखं असतं, कापायला सोपं, म्हणून नवख्याला उत्तम. पण पाणी लागलं की फुगतं आणि परत पूर्ववत होत नाही. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईच्या पावसात ओल्या छत्र्या डिकीत टाकायची सवय असेल, तर ओल सोसणारा एचडीएचएमआर बोर्ड किंवा पाण्याला टिकणारा बीडब्ल्यूपी दर्जाचा, आयएस ७१० शिक्क्याचा प्लाय घ्या. हलका कमर्शियल प्लाय नको; त्याच्या थरांमध्ये पोकळ्या निघतात, त्यातून हवा गळते आणि बॉक्स खडखडतो. दहा-बारा इंची सबवूफरला जाडी १८ मिमी. दुकानात "सहा सूत" म्हणून १८ मिमीही मिळतो आणि १९ मिमीही, तेव्हा हातातल्या शीटची जाडी मोजा आणि मगच कापायची मापं लिहा.

पुण्यात असाल तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात अर्धी शीट मागून बघता येईल. गावोगावी मॉड्युलर किचनवाल्यांकडे पॅनेल सॉ असतो. त्यांना मापं लिहून दिली तर थोड्या पैशांत तुकडे काटकोनात, स्वच्छ कापून मिळतात. हाताने करवत चालवण्यापेक्षा हे मला केव्हाही पसंत आहे. घट्ट बॉक्स म्हणजे शेवटी सरळ कापलेल्या कडा.

वरच्या सरळ बॉक्ससाठी तुकडे असे: ४३.६ × ३१.६ सेंमीचे तीन (दोन पुढच्या बाजूला एकमेकांवर चिकटवायचे, एक मागे), ४३.६ × २० चे दोन (वर आणि खाली), २८ × २० चे दोन (डावी-उजवी बाजू). पुढची बाजू दुहेरी ठेवायची, कारण सबवूफरचं वजन आणि धक्का तीच सोसते.

जोडणी

आधी सगळे तुकडे कोरडेच जुळवून बघा आणि पेन्सिलीने खुणा करा. मग पुढचे दोन तुकडे फेविकॉल पूर्ण पसरून चिकटवा आणि सी-क्लॅम्पमध्ये रात्रभर दाबून ठेवा.

भोक आताच, बॉक्स जोडण्याआधी पाडा. भोकाचा व्यास कागदावर "कटआउट" म्हणून दिलेला असतो. सबवूफरच्या बाहेरच्या कड्याचा व्यास धरू नका. दहा इंचीला कटआउटचा व्यास साधारण २३ सेंमीच्या आसपास असतो, पण तुमच्या कागदावरचाच खरा. राउटर असेल तर उत्तम, नाहीतर जिगसॉ. मध्यभागी खिळा, त्याला दोरा आणि पेन्सिल, असं वर्तुळ आखा. आत एक भोक ड्रिलने पाडून जिगसॉचं पातं तिथून घाला. रेषेच्या किंचित आतून कापा आणि उरलेलं पॉलिश पेपरने घासा. एमडीएफची भुकटी फार बारीक असते आणि फुप्फुसात जाते, तेव्हा एन-९५ मास्क लावा आणि काम गच्चीवर किंवा अंगणात करा.

आता तळ, दोन्ही बाजू, मागची फळी आणि वरची फळी या क्रमाने जोडा. प्रत्येक कडेला फेविकॉलची सलग रेघ ओढा, गुण्या लावून काटकोन तपासा आणि दर १०-१२ सेंमीवर ४०-५० मिमीचा स्क्रू मारा. स्क्रूआधी बारीक ड्रिलने भोक पाडणं सोडू नका. एमडीएफची कड तशीच स्क्रू मारला तर चिरते, आणि चिरलेल्या कडेला पुढे फेविकॉलही वाचवत नाही. टोकापासून ४-५ सेंमी आत राहा. खरी पकड फेविकॉलची असते. स्क्रू तो वाळेपर्यंत तुकडे दाबून धरतात.

पुढची फळी लावण्याआधी आतल्या कोपऱ्यांत पट्ट्या चिकटवा. मागच्या फळीपासून पुढच्या फळीपर्यंत सबवूफरच्या बाजूने एक टेकू द्या. फळ्या थरथरल्या की सबवूफरची ताकद लाकूड हलवण्यात जाते आणि आवाजाला पेटीचा स्वतःचा सूर लागतो. बोटाच्या पेराने टकटक करून बघा: मंद, छोटा "टक्" आला तर ठीक, घुमला तर आणखी टेकू हवा.

गळती

इतक्या मेहनतीने मोजलेली हवा फटीतून निसटत असेल तर सगळं गणित वाया. पुढची फळी लागल्यावर सबवूफरच्या भोकातून हात घाला आणि आतला प्रत्येक सांधा फेविकॉल आणि लाकडाच्या भुश्याच्या लगद्याने बोटाने भरून घ्या. सिलिकॉन वापरलं तर व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत सबवूफर बसवू नका, कारण ती वाफ आम्लाची असते. वायरचा टर्मिनल कप ही गळतीची हमखास जागा आहे, त्याच्याभोवती फोमची पट्टी आणि सीलंट दोन्ही लावा.

बॉक्स पूर्ण झाल्यावर तपासायची रीत सोपी आहे. सबवूफर तात्पुरता बसवा, ॲम्प्लिफायरला जोडलेल्या फोनवरून ३० हर्ट्झचा सूर हळू आवाजात वाजवा आणि पेटती उदबत्ती सांध्यांवरून सावकाश फिरवा. धूर जिथे झटके खातो तिथे फट आहे. हे कार्पेट लावण्याआधीच करा. दुसरी खूण हाताला कळते: कोन दोन्ही तळव्यांनी सरळ, हलकेच आत दाबून सोडला तर घट्ट बॉक्समध्ये तो सावकाश बाहेर येतो.

आतून कापूस, बाहेरून कार्पेट

उशीत भरतात तो रेक्रॉनसारखा पॉलिएस्टर कापूस बॉक्समध्ये सैलसर भरला, तर कोनाला बॉक्स १०-२० टक्के मोठा असल्यासारखा वाटतो. जागा कमी पडली असेल तर ही खरी मदत आहे. चुंबकामागचं भोक मोकळं ठेवा. घरातला साधा कापूस मात्र नको, तो ओल धरतो.

बाहेरून आधी प्रायमर किंवा सीलरचा हात द्या, तळालाही. मग एसआर-९९८ सारखा रबरी गोंद दोन्ही पृष्ठभागांना लावा, तो हाताला चिकटेनासा झाला की कार्पेट दाबा. हा पदार्थ ज्वालाग्राही आहे. उदबत्तीची तपासणी आधी उरका असं म्हणण्यामागे हेही कारण आहे.

सबवूफरच्या कड्याखाली फोमची गॅस्केट ठेवा आणि स्क्रू समोरासमोरचे एकाआड एक, थोडे थोडे आवळा. टी-नट आतून ठोकून बोल्ट लावलेत तर सबवूफर कितीही वेळा काढा-घाला, लाकूड खराब होत नाही.

पोर्टेडकडे जायचंच असेल तर

सील्ड बॉक्स काही महिने ऐकल्यावर मगच. इथे नळीची लांबी निर्णायक असते. गोल नळीसाठी, सगळी मापं सेंटीमीटर आणि लिटरमध्ये धरून:

लांबी = २३५६२.५ × व्यास² ÷ (सूर² × घनफळ) − ०.७३२ × व्यास

५० लिटरचा बॉक्स ३५ हर्ट्झवर लावायचा आणि नळीचा आतला व्यास १० सेंमी असेल, तर ३८.५ − ७.३, म्हणजे साधारण ३१ सेंमी. बाजारात ११० मिमी म्हणून मिळणाऱ्या पीव्हीसी पाइपचं ते बाहेरचं माप असतं. आतलं मोजूनच सूत्रात घाला. आणि त्या पाइपने आत व्यापलेली जागा, सुमारे ३ लिटर, बॉक्समध्ये वाढवा. नळी अरुंद घेतली तर हवा फुसफुसते. तिचा वेग सेकंदाला १७ मीटरच्या आत ठेवायचा असतो आणि हे बॉक्सच्या मोफत संगणकीय प्रोग्रॅममध्ये आधीच तपासता येतं. सगळ्यात महत्त्वाचं: पोर्टेड बॉक्समध्ये लावलेल्या सुराखाली कोनामागची हवेची स्प्रिंग उरत नाही. मग कोन बेफाम हलतो. ॲम्प्लिफायरवर सबसॉनिक फिल्टर (फार खालचे सूर अडवणारा) नसेल तर पोर्टेड बॉक्स करू नका.

गाडीत बसवताना

उदाहरणातला बॉक्स सबवूफरसकट १५ किलोच्या आसपास जातो. जोरात ब्रेक लागला तर तो पुढच्या माणसांवर येऊ शकतो, म्हणून एल-पट्टीने किंवा पट्ट्याने डिकीच्या मूळ हुकांना बांधा. डिकीच्या तळाला ड्रिल मारायची वेळ आलीच तर आधी गाडीखाली वाकून बघा. तिथून इंधनाची टाकी, ब्रेकच्या किंवा सीएनजीच्या नळ्या जातात.

बॅटरीवरून येणाऱ्या मुख्य वायरला बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत फ्यूज हवाच, यात तडजोड नाही. सबवूफरला दोन कॉइल असतील, प्रत्येकी ४ ओहमच्या, तर समांतर जोडून २ ओहम होतात आणि एकसर जोडून ८. ॲम्प्लिफायर किती ओहमपर्यंत पेलतो ते बघून ठरवा. वॅटचा आकडा आरएमएसचाच (सतत पेलणाऱ्या ताकदीचा) वाचा, खोक्यावरचा मोठा "पीक" आकडा सोडून द्या.

पहिल्यांदा वाजवताना बेस बूस्ट बंद, इक्वलायझर सपाट, लो-पास फिल्टर (वरचे सूर अडवणारा) ८० हर्ट्झवर. स्टिरिओचा आवाज पाऊणपर्यंत नेऊन ॲम्प्लिफायरचा गेन (आलेला सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारं बटण) हळूहळू वाढवा आणि आवाज फाटायला लागला की थोडा मागे या. मग चालकाच्या सीटवर बसून सबवूफरच्या दोन वायरी उलटसुलट जोडून बघा. ज्या जोडणीत बेस भरीव येतो आणि पुढूनच आल्यासारखा वाटतो, ती ठेवा. हॅचबॅकमध्ये सबवूफरचं तोंड मागच्या दाराकडे ठेवलं की बहुधा बरं वाजतं, पण बॉक्स फिरवून बघायला पैसे लागत नाहीत. नंबर प्लेट किंवा डिकीचं झाकण खडखडत असेल तर मागे फोमची पट्टी लावा, बॉक्सला दोष देऊ नका. दोन-तीन आठवड्यांनी सबवूफरचे स्क्रू पुन्हा एकदा आवळा. नवीन गॅस्केट तोवर दबलेली असते आणि हवा निसटायला तेवढी ढील पुरते.